मकामाची तालीम : अरब संगीताच्या सामुदायिक कार्यशाळांचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

मुक्काम, जिन्नस, तक्षीम, सैर, तालीम, मैफल हे शब्द मराठी भाषकाला परके वाटत नाहीत. प्रवासातील थांबण्याची जागा, बाजारातील वस्तू, वतनाच्या कागदपत्रांतील वाटणी, मौजेची भटकंती, गवयाचे शिक्षण आणि रसिकांची बैठक अशा अर्थांनी ते मराठीत रुळले आहेत. हे सर्व शब्द मूळचे अरबी आहेत आणि त्यांपैकी पहिले चार अरब संगीतशास्त्रात पारिभाषिक संज्ञा म्हणून वावरतात. 'मकाम' म्हणजे स्वरांची एक व्यवस्था आणि त्या व्यवस्थेतील स्वरांच्या मुक्कामाच्या जागा. 'जिन्स' म्हणजे मकाम ज्यांच्या जोडणीतून उभा राहतो ते तीन, चार किंवा पाच स्वरांचे गट. 'तक्सीम' म्हणजे एकट्या वादकाने मकामाचा केलेला उत्स्फूर्त विस्तार. 'सय्र' म्हणजे मकामातून फिरण्याची वाट, आपल्याकडील रागाच्या चलनाशी जवळीक असलेली कल्पना. या शब्दसाम्यावरून दोन्ही संगीते एकच आहेत असे मुळीच ठरत नाही. मात्र अरब संगीताच्या शिक्षणासमोरील प्रश्न मराठी संगीतविचाराला अनोळखी नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

गेल्या तीन दशकांत अरब देशांत आणि अरब वंशीय समाज जेथे स्थायिक झाले त्या देशांत, विशेषतः अमेरिकेत, तरुण वादक-गायकांना अरब संगीत शिकवणाऱ्या सामुदायिक कार्यशाळा सुरू झाल्या. त्यांच्याविषयी बरेच लिहिले जाते. पण त्या लेखनाचा सूर बहुधा एकच असतो. कार्यशाळेमुळे सांस्कृतिक अस्मिता जपली गेली, दोन समाजांत संवाद घडला, मुलांना आशा मिळाली, असे त्यात सांगितलेले असते. हे मूल्यमापन खोटे नाही, परंतु ते संगीताविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. चित्रकला किंवा फुटबॉल यांच्या शिबिरांविषयीही तेच शब्द वापरता येतील. प्रस्तुत लेखात या कार्यशाळांचा विचार सांगीतिक निकषांवर केला आहे. त्यातील प्रतिपाद्य असे की, सामुदायिक कार्यशाळा हा संगीतविद्यालयाचा दुय्यम पर्याय नाही. विद्यालयीन शिक्षणात मागे पडलेल्या दोन गोष्टी, म्हणजे कानाने शिकणे आणि श्रोत्याला संगीताचा घटक मानणे, परत मिळवण्याची शक्यता तिच्यात आहे. मात्र समारोपाच्या कार्यक्रमाला शिक्षणाहून अधिक महत्त्व मिळाले की हीच शक्यता कार्यशाळा स्वतःच्या हाताने गमावते.

१. मकाम शिकवण्यातील मूळ अडचण

'रास्त' हा अरब संगीतातील पायाभूत मकाम मानला जातो. त्याच्या आधारस्वराला षड्ज मानले, तर तिसरा स्वर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या दरम्यान पडतो. सातव्या स्वराचेही तसेच आहे. एकोणिसाव्या शतकात लेबनॉनमधील मिखाइल मिशाका (१८००-१८८८) यांच्या ग्रंथामुळे सप्तकाचे चोवीस भाग करण्याची पद्धत प्रसिद्धीस आली. आजही कागदावर हा मधला स्वर 'अर्धकोमल' अशा खुणेने दाखवला जातो. खूण एकच असते. स्वर मात्र एका ठिकाणी बसलेला नसतो. 'बयाती' या मकामात येणारा हाच स्वर रास्तमधील स्वरापेक्षा किंचित उतरता असतो, असे जाणकार वादक मानतात. कैरोचा वादक तो जेथे घेतो त्याहून अलेप्पोचा वादक तो थोडा चढा घेतो, असाही अनुभव सांगितला जातो. स्वरवाक्य वर चढत आहे की खाली उतरत आहे, यावरही त्याची जागा हलते.

दरबारी कानड्याचा गंधार केवळ 'कोमल' म्हणून सांगता येत नाही, तो ऐकवावा लागतो, हे महाराष्ट्रातील संगीतशिक्षकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. अरब संगीतात ही स्थिती एखाद्या विशिष्ट मकामापुरती नसून संगीताच्या मध्यवर्ती भागाचीच आहे. त्यामुळे शिक्षणाचा खरा प्रश्न मकामांची नावे आणि स्वरावली कशा पाठ करून घ्याव्यात हा नाही. विद्यार्थ्याच्या कानात तो मधला स्वर स्थिर कसा करावा आणि त्यानंतर संदर्भानुसार त्याला हलू कसे द्यावे, हा तो प्रश्न आहे. याचे उत्तर पूर्वी परिसरच देत असे. मुले मशिदीतील पठण, ख्रिस्ती उपासनेतील सुरियानी व बायझंटाइन गायन, लग्नातील गाणी आणि पुढे रेडिओ ऐकत वाढत. शिक्षणाला आरंभ होण्यापूर्वीच कान तयार झालेला असे. उम्म कुलसूम (मृत्यू १९७५) यांच्या गायनाचा आरंभ वडिलांसोबत धार्मिक गीते गाण्यातून झाला, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. डेट्रॉइट किंवा न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या मुलाला असा परिसर लाभत नाही. अरब शहरांतही तो आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. म्हणून परिसराने केलेले काम आज कोणीतरी जाणीवपूर्वक करावे लागते.

२. कैरो १९३२ : कागद आणि कान

या प्रश्नाची मुळे समजून घेण्यासाठी १९३२ साली कैरो येथे भरलेल्या अरब संगीत परिषदेकडे वळावे लागते. राजा फुआद पहिला याच्या आश्रयाखाली झालेल्या या परिषदेला अरब देशांतील संगीतकारांबरोबर बेला बार्टोक, पॉल हिंडेमिथ, कुर्ट झाक्स, रॉबर्ट लाखमान, हेन्री जॉर्ज फार्मर असे युरोपीय संगीतकार व अभ्यासक उपस्थित होते. चोवीस भाग समान मानावेत की मानू नयेत, पियानोसारख्या युरोपीय वाद्यांना अरब संगीतात स्थान द्यावे की देऊ नये, यांवर तेथे तीव्र मतभेद झाले. आधुनिकतेची ओढ असलेल्या अनेक इजिप्शियन सदस्यांना पियानो प्रगतीचे साधन वाटत होता, तर युरोपीय अभ्यासकांपैकी अनेकांना त्यात परंपरेची हानी दिसत होती. परिषदेच्या निमित्ताने झालेल्या ध्वनिमुद्रणाच्या दीडशेहून अधिक तबकड्या आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. चर्चांच्या अहवालांपेक्षा या तबकड्यांतून त्या काळचे संगीत अधिक स्पष्ट बोलते.

परिषदेतील वाद अनिर्णित राहिला तरी शिक्षणव्यवहाराने आपली दिशा निवडली होती. अरब राजधान्यांत उभ्या राहिलेल्या संगीतसंस्थांनी युरोपीय स्वरलेखन, स्वरवाचनाचे धडे, श्रेणी आणि परीक्षा यांचा स्वीकार केला. महाराष्ट्राच्या संगीतेतिहासाशी याचे साम्य जाणवते. पंडित भातखंडे यांनी थाटपद्धती आणि स्वरलिपी यांच्या आधारे संगीत विद्यालयाच्या चौकटीत आणले, तेव्हा 'कागदावर राग येतो का' हा आक्षेप येथेही घेतला गेला. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दूर ठेवले, त्यामागेही स्थिर सुरांच्या वाद्याने कान बिघडतो ही भूमिका होती.

तथापि विद्यालयीन शिक्षणाला सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. बगदादमध्ये १९३६ साली सुरू झालेल्या संगीतसंस्थेत शरीफ मुहियुद्दीन हैदर यांनी ऊदवादनाची जी परंपरा घडवली, तीतून जमील बशीर आणि मुनीर बशीर (१९३०-१९९७) यांसारखे श्रेष्ठ वादक निर्माण झाले. तेव्हा संस्था असणे हा दोष नव्हे. शिक्षण कागदापासून सुरू करून कानापर्यंत न पोहोचणे हा दोष आहे. बगदादमध्ये विद्यार्थ्यासमोर एक समर्थ गुरू होता. जेथे असा गुरू नव्हता, तेथे चोवीस समान भागांची सोय हाच संगीताचा नियम होऊन बसला.

३. कार्यशाळांचे नमुने

अमेरिकेतील 'अरेबिक म्यूझिक रिट्रीट' हा या चळवळीतील सर्वाधिक परिचित उपक्रम होय. गॅलिलीतील तर्शीहा येथे १९५५ साली जन्मलेले ऊद व व्हायोलिनवादक सायमन शाहीन यांनी लेबनीज संगीतकार व अभ्यासक अली जिहाद रासी यांच्या सहकार्याने १९९७ साली तो सुरू केला. मॅसॅच्युसेट्समधील माउंट होल्योक कॉलेजात उन्हाळ्यात आठवडाभर विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र राहत. दिवसा वाद्य, गायन, मकाम व ताल यांचे वर्ग आणि समूहवादन, तर संध्याकाळी ऐकणे व वाजवणे, असे त्याचे स्वरूप होते. सहभागी होणाऱ्यांत अरब वंशाचे तरुण होते तसे पाश्चात्त्य संगीत शिकलेले अन्य लोकही होते. सायमन शाहीन यांचे पहिले शिक्षण वडील हिकमत शाहीन यांच्याकडे घरीच झाले, तर पुढील शिक्षण विद्यालयांत. घर आणि विद्यालय या दोहोंचा अनुभव असलेल्या वादकाला निवासी कार्यशाळेची कल्पना सुचावी, हे स्वाभाविक वाटते. एका छताखाली राहणे, जेवणाच्या टेबलावर गाण्याच्या गोष्टी ऐकणे, शिक्षकाला वाजवताना जवळून पाहणे, हे सर्व या योजनेत आठवड्यापुरते का होईना परत आले.

दुसरा नमुना पॅलेस्टाइनमधील आहे. रामल्लाजवळील अल-अमारी निर्वासित छावणीत वाढलेले रमझी अबुरदवान यांचे बालपणीचे हातात दगड घेतलेले छायाचित्र पहिल्या इंतिफादाच्या काळात जगभर पोहोचले होते. पुढे एका संगीत कार्यशाळेतून त्यांचा तंतुवाद्याशी परिचय झाला. फ्रान्समध्ये त्यांनी व्हायोलाचे शिक्षण घेतले आणि २००२ साली 'अल कमंजाती' ही संस्था स्थापन केली. या नावाचा अर्थ 'व्हायोलिनवादक' असा आहे. निर्वासित छावण्या, गावे आणि शहरांच्या जुन्या वस्त्यांतील मुलांना अरब व पाश्चात्त्य अशा दोन्ही संगीतांचे शिक्षण देणे हे संस्थेचे काम आहे. पॅलेस्टाइनमध्येच १९९३ साली सुरू झालेले आणि २००४ साली एडवर्ड सईद यांचे नाव दिले गेलेले राष्ट्रीय संगीतविद्यालयही आहे. सईद आणि डॅनिएल बॅरनबॉइम यांनी १९९९ साली स्थापन केलेला वेस्ट-ईस्टर्न दिवान वाद्यवृंद मात्र या विवेचनाच्या कक्षेत येत नाही. त्यात अरब तरुण आहेत, पण संगीत मुख्यतः युरोपीय आहे. या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते, म्हणून हा उल्लेख आवश्यक ठरतो.

तिसरा नमुना वाद्यवृंदाभोवती उभ्या राहिलेल्या शिक्षणाचा. बस्साम साबा (१९५८-२०२०) हे नाय वाजवणारे लेबनीज संगीतकार २००७ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्क अरेबिक ऑर्केस्ट्राचे सहसंस्थापक होते. या वाद्यवृंदाने वादनाबरोबर शिकवण्याचे कामही अंगावर घेतले. डेट्रॉइट परिसरातील नॅशनल अरब ऑर्केस्ट्राच्या शालेय उपक्रमात अरबी भाषा न येणारी मुले अरबी गीते पाठ करून वाद्यवृंदासह व्यासपीठावर गातात.

४. पाठांची निवड : सोपेपणाची किंमत

कार्यशाळेची खरी भूमिका तिच्या उद्दिष्टपत्रिकेतून कळत नाही. ती शिकवण्यासाठी निवडलेल्या रचनांतून कळते. 'लम्मा बदा यतथन्ना' ही मुवश्शह प्रकारची रचना नवशिक्यांच्या वर्गांत सर्वत्र शिकवली जाते. तिची चाल सहज लक्षात राहते. ती 'समाई सकील' या दहा मात्रांच्या तालात आहे. झपतालाइतक्याच मात्रा असल्या तरी याची विभागणी ३-२-२-३ अशी आहे आणि 'दुम' व 'तक' या तोंडी बोलांतून ती शिकवली जाते. तालाचा पाठ म्हणून ही निवड उत्तमच आहे. परंतु तिचा मकाम 'नहावंद' आहे आणि नहावंदमध्ये तो मधला स्वर येतच नाही. त्याचे सर्व स्वर पियानोवर मिळतात. 'अजम', 'कुर्द' व 'हिजाज' यांच्या नेहमीच्या रूपांतील स्वरही पियानोच्या पट्ट्यांवर सापडतात.

समारोपाच्या कार्यक्रमात मुले बेसूर वाटू नयेत या काळजीपोटी कार्यशाळेच्या रचना याच मकामांतून निवडल्या गेल्या, तर मुले अरबी शब्द शिकतील, अरब ताल शिकतील, पण ज्यासाठी हे संगीत शिकायचे तो स्वर त्यांच्या कानावर पडणारच नाही. पियानोवर मिळणारे मकामही अरब संगीताचेच आहेत, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न क्रमाचा आणि प्रमाणाचा आहे. रास्त आणि बयाती यांच्यापासून आरंभ करणे विद्यार्थ्याला कठीण वाटते. तरीही कठीण स्वर पुढे ढकलला की पाश्चात्त्य सप्तकाची सवय आणखी घट्ट होते आणि नंतर तो स्वर 'चुकलेला गंधार' म्हणून ऐकू येऊ लागतो.

यावर परंपरेतच उपाय उपलब्ध आहे. 'दूलाब' नावाच्या छोट्या वाद्यरचना मकामाची ओळख करून देण्यासाठीच असतात. एक दूलाब थोड्या वेळात कानाने पाठ होतो आणि त्यात मकामाचे चलन आलेले असते. त्यापुढे इब्राहीम अल-अरियान यांची बयातीमधील समाई ही तरुण वादकांच्या शिक्षणात रूढ झालेली रचना आहे. समाईत चार खंड असतात. प्रत्येक खंडानंतर तेच ध्रुवपद परत येते आणि चौथ्या खंडात ताल बदलतो. एवढी एक रचना नीट बसवली तर मकाम, पुनरावृत्ती, तालबदल आणि परतण्याची जागा या चारही गोष्टींचे शिक्षण होते. आठवडाभराच्या कार्यशाळेत पाच लोकप्रिय गीतांपेक्षा एक दूलाब व एक समाई अधिक देऊन जाते, असे म्हणण्यास जागा आहे.

५. वाद्य आणि त्याची जुळणी

व्हायोलिन एकोणिसाव्या शतकात अरब वादकांच्या हाती आले. 'कमंजा' हे जुन्या वाद्याचे नाव त्याला मिळाले आणि त्याची जुळणीही बदलली. पाश्चात्त्य जुळणीतील चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात. अरब पद्धतीत वरच्या दोन तारा उतरवून सोल-रे-सोल-रे अशी जुळणी करतात. त्यामुळे खालच्या तारांची सप्तकभर वरची रूपे हाताशी येतात, मोकळ्या तारांचा आधारस्वर गुंजत राहतो आणि बोटांच्या जागाही बदलतात. कार्यशाळेत येणारा व्हायोलिनवादक बहुधा पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला असतो. त्याची जुळणी बदलायला लावणे म्हणजे त्याला काही दिवस पुन्हा नवशिका करणे होय. वेळ अपुरा असल्याने हा निर्णय टाळण्याचा मोह शिक्षकाला होतो. जुळणी न बदलताही उत्तम अरब संगीत वाजवणारे वादक आहेत, हे मान्य करावे लागेल. तरीही जुळणी बदलण्याचा अनुभव वादकाला हे शिकवतो की, आपण नवी धून शिकत नसून नवा कान घडवत आहोत.

ऊदला पडदे नसतात. कानूनवर स्वराची जागा बारीक बदलणाऱ्या धातूच्या छोट्या कळा असतात. ही वाद्ये विद्यार्थ्याला प्रत्येक वेळी स्वराविषयी निर्णय घ्यायला लावतात. याउलट इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर बटण दाबून 'पाव स्वर' मिळतो आणि तो कायम एकाच जागी मिळतो. लग्नसमारंभांत हे वाद्य सर्रास वाजते, त्यामुळे मुलांनाही त्याची ओढ असते. कार्यशाळेने ते हद्दपार करावे असे नाही. मात्र कानाच्या शिक्षणाचे प्रमाण म्हणून ते समोर ठेवणे घातक आहे. रामल्लातील असो वा न्यूयॉर्कमधील, ज्या वर्गात शिक्षक प्रथम स्वतः गाऊन दाखवतो आणि मुलांना वाद्य हाती घेण्यापूर्वी गायला लावतो, तेथे हा धोका पुष्कळ कमी होतो.

६. तख्त की वाद्यवृंद

अरब संगीतातील पारंपरिक छोट्या वादकसमूहाला 'तख्त' म्हणतात. मराठीतही ओळखीचा असलेला हा फारसी शब्द वादक ज्या उंच बैठकीवर बसत तिच्यावरून आला. ऊद, कानून, नाय, व्हायोलिन आणि रिक्क अशी त्यातील मोजकी वाद्ये. सर्व वादक एकच धून वाजवतात, पण प्रत्येक जण ती आपल्या वाद्याच्या स्वभावानुसार सजवतो. कोणी स्वर लांबवतो, कोणी तुकडे करतो, कोणी क्षणभर मागे राहतो. विसाव्या शतकात तख्ताची जागा मोठ्या वाद्यवृंदाने घेतली. उम्म कुलसूम यांच्या साथीचा समूह कालांतराने कसा वाढत गेला, हे त्यांच्या ध्वनिमुद्रणांतूनच ऐकता येते. व्हायोलिनांची संख्या वाढली की सर्वांनी एकसारखे वाजवणे अपरिहार्य होते आणि वैयक्तिक सजावटीला वाव उरत नाही.

कार्यशाळेत सर्वांना व्यासपीठ मिळावे ही अपेक्षा रास्त आहे. पन्नास जण असतील तर पन्नास जणांचा वाद्यवृंद होतो. त्यातून आनंद मिळतो, पालक सुखावतात, देणगीदारांना छायाचित्र मिळते. पण विद्यार्थी शिकतो ते स्वरलिपीकडे पाहून शेजाऱ्यासारखे वाजवणे. तख्तात नेमके याच्या उलट शिकायचे असते, म्हणजे शेजाऱ्याला ऐकून त्याच्यापेक्षा वेगळे, तरी त्याच धुनेत राहणे. रिट्रीटसारख्या उपक्रमात मोठ्या वृंदाबरोबर लहान समूहांनाही स्थान होते, हे त्याचे महत्त्वाचे वैशिष्ट्य मानले पाहिजे. समारोपाच्या कार्यक्रमात एक मोठा वृंद आणि पाच-सहा छोटी तख्ते अशी मांडणी केली तर वेळ अधिक लागेल आणि चुकाही अधिक ऐकू येतील. शिकण्याच्या ठिकाणी चुका ऐकू येणे यात कमीपणा नाही.

७. श्रोत्याची तालीम

अली जिहाद रासी यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'मेकिंग म्यूझिक इन द अरब वर्ल्ड' या ग्रंथात 'तरब' या संकल्पनेचे सविस्तर विवेचन केले आहे. तरब म्हणजे संगीतातून येणारी भावतन्मयता. ती केवळ वादकाच्या हातात नसते. 'सम्मीआ' म्हणून ओळखले जाणारे जाणते श्रोते 'कफला' म्हणजे स्वरवाक्याच्या परिणामकारक अखेरीस उत्स्फूर्त दाद देतात. त्या दादेने वादकाला पुढचे सुचते आणि मकाम त्याच्या मनावर पूर्ण सत्ता गाजवू लागतो. या अवस्थेला 'सल्तना' असे सार्थ नाव आहे. समेवर मान हलणे आणि जागेवर दाद येणे यांची सवय असलेल्या मराठी रसिकाला हे चटकन उमगेल.

शैक्षणिक दृष्टीने याचा अर्थ असा की, तक्सीम शिकवायचा असेल तर तक्सीम ऐकणाराही घडवावा लागतो. तरुण वादक स्वरावली जाणतो, जिन्स ओळखतो, तरी विस्तार करताना गोठतो, याचे कारण अनेकदा तांत्रिक नसते. समोरच्या शांततेत आपले वाक्य पोहोचले की नाही, हे त्याला कळत नाही. युरोपीय मैफलीचा शिस्तबद्ध मौनाचा संकेत विद्यालयांबरोबर आला आणि कार्यशाळांच्या समारोपातही तो पाळला जातो. सामुदायिक कार्यशाळेची खरी ताकद येथेच दिसू शकते, कारण 'समुदाय' तिच्या नावातच आहे. आजीआजोबा, शेजारी, हौशी गाणारे यांना केवळ अखेरच्या दिवशी खुर्च्यांवर न बसवता रोजच्या संध्याकाळच्या बैठकीत बोलावले, तर दाद कोठे द्यायची हे मुले त्यांच्याकडून शिकतील आणि कफला कोठे संपतो हे दादेवरून ओळखतील. संगीतविद्यालयाला हे करणे अवघड जाते. कार्यशाळेला ते सहज साधते.

८. मर्यादा आणि आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आठवडाभरात कान घडत नाही. हे खरे आहे. कार्यशाळा संपल्यावर विद्यार्थी जेथे परततो तेथे त्याला साथीदार नसतो, शिक्षक नसतो. म्हणून ज्या कार्यशाळा वर्षभराच्या केंद्राशी जोडलेल्या आहेत त्यांचे फलित अधिक टिकाऊ असणार. अल कमंजातीसारख्या संस्थेचे महत्त्व या सातत्यात आहे. मात्र तेथेही एक पेच आहे. बाहेरून स्वयंसेवेने येणारे शिक्षक बहुधा युरोपीय शिक्षणातून आलेले असतात, तर लष्करी नाक्यांमुळे स्थानिक शिक्षकाला एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचणे दुष्कर होते. परिणामी मुलांना चांगले व्हायोलिन शिकायला मिळते, पण मकाम मागे राहण्याची शक्यता असते. कान आठवड्यात घडत नसला तरी त्याला दिशा मिळते. एक दूलाब आणि ऐकण्यासाठी निवडक ध्वनिमुद्रणे घेऊन परतलेला विद्यार्थी एकट्यानेही पुढे जाऊ शकतो. लेबनॉनमध्ये २००९ साली स्थापन झालेल्या 'अमार' या प्रतिष्ठानाने जुन्या अरब ध्वनिमुद्रणांच्या जतनाचे जे काम केले, ते अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोलाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युद्ध, विस्थापन आणि निर्वासन यांच्या छायेत वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत स्वराच्या सूक्ष्म जागेची चिकित्सा करणे निष्ठुर नाही काय? गाझामध्ये ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात एडवर्ड सईद संगीतविद्यालयाच्या शाखेतील काही शिक्षकांनी विस्थापितांच्या तंबूंत मुलांना शिकवणे चालू ठेवले. तेथे मुलाने काहीही गायले तरी ते पुरेसे आहे, असे म्हणावेसे वाटते आणि ते म्हणणे माणुसकीचे आहे. परंतु याच युक्तिवादाचा विस्तार करून अशा मुलांकडून सांगीतिक अपेक्षाच ठेवू नये असे मानले, तर त्यात एक सूक्ष्म अवहेलना दडलेली असते. तंबूत शिकवणारा शिक्षक मुलाचा स्वर थांबून दुरुस्त करतो, तेव्हा तो त्याला दयेचा विषय न मानता संगीताचा विद्यार्थी मानत असतो.

शिवाय या परिस्थितीत पणाला लागलेली गोष्ट केवळ भावनिक नाही. अलेप्पो शहराच्या 'कुदूद हलबिया' या गायनप्रकाराचा समावेश युनेस्कोने २०२१ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. त्याआधी २०१२ पासूनच्या युद्धात त्या शहराची जुनी वस्ती उद्ध्वस्त झाली होती आणि अनेक कलावंत देशोधडीला लागले होते. कुदूदची शब्दसंहिता आणि स्वरलिपी सुरक्षित राहील. पण अलेप्पोचा वादक तो मधला स्वर ज्या जागी घेतो ती जागा कोणत्याही यादीत नोंदवता येत नाही. ती एका कानातून दुसऱ्या कानात गेली तरच टिकते. बर्लिनमधील किंवा गाझियांतेपमधील एखाद्या खोलीत अलेप्पोचा एखादा विस्थापित वादक दहा मुलांना घेऊन बसत असेल, तर त्या खोलीचे मूल्य यादीतील नोंदीपेक्षा कमी नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. अरब संगीताच्या सामुदायिक कार्यशाळांचे मूल्यमापन सामाजिक फलिताबरोबरच सांगीतिक फलितावर झाले पाहिजे. विद्यार्थ्याला रास्त आणि बयाती यांतील मधला स्वर ऐकून ओळखता येतो का व गाता येतो का, हा त्याचा पहिला निकष होय.

२. रचनांची निवड समारोपाच्या कार्यक्रमाच्या सोयीने न करता मकामाच्या गरजेने केली पाहिजे. दूलाब आणि समाई यांसारख्या परंपरेतील शिक्षणानुकूल रचनांना प्राधान्य द्यावे.

३. स्वरलिपी स्मरणाला साहाय्यक म्हणून उपयुक्त आहे. मात्र ती कानाच्या पाठीमागून यावी.

४. मोठ्या वाद्यवृंदाबरोबर तख्ताला जागा मिळाल्याशिवाय समूहवादनाचे शिक्षण पूर्ण होत नाही.

५. श्रोता हा कार्यशाळेचा पाहुणा नसून तिचा विद्यार्थी आणि शिक्षक असे दोन्ही आहे. त्याला रोजच्या बैठकीत स्थान असले पाहिजे.

कैरोच्या परिषदेत जमलेल्या विद्वानांनी तो स्वर मोजण्याचा प्रयत्न केला आणि मोजणीवर त्यांचे एकमत झाले नाही. त्याच काळात अलेप्पो, कैरो आणि बगदाद येथील मुले मोजणीशिवाय तो स्वर गात होती, कारण तो त्यांच्या कानावर रोज पडत होता. आजच्या कार्यशाळेचे काम ते रोजचे ऐकणे पुन्हा उभे करण्याचे आहे. ते साधले तर तिला संगीतशिक्षण म्हणता येईल.